जमेच्या बाजूची नावे

बापूजींच्या निधनाला दोन वर्षे होत आली, तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांच्या स्मरणार्थ एक छोटा अल्बम छापण्याचे ठरविले. आपल्या समाजात ही पद्धत रुळलेली आहे. पहिल्या पानावर हार घातलेले छायाचित्र, मग वंशवेल, संघयात्रेचे फोटो, तपश्चर्येची नोंद आणि शेवटी दानधर्माची यादी. जुनी छायाचित्रे मिळावीत म्हणून पेणच्या आमच्या जुन्या दुकानाचा माळा उघडला. पोह्यांच्या रिकाम्या गोण्या आणि बंद पडलेला तराजू यांच्यामागे, लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांच्या चळतीत, आम्हाला एक स्मृती-अल्बम सापडला. तो बापूजींनी स्वतःच्या हाताने तयार केला होता. मात्र तो आमच्या घराण्यातील कोणाचा नव्हता. तो होता संगीतकार कल्याणजी वीरजी शहा यांचा.

अल्बम म्हणजे एक न वापरलेली चोपडीच होती. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे कुंकवाचा साथिया होता. त्याखाली तारीख होती २४ ऑगस्ट २०००, म्हणजे कल्याणजीभाई गेले तो दिवस. त्या वर्षी पर्युषण अगदी तोंडावर आले होते, आणि पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत रात्रीचा दिवस चालला होता. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसताना बापूजींनी ही वही का मांडली असावी, हे प्रथम कोणालाच कळेना. बापूजींना गाण्याचा शौक होता असे आम्ही कधी पाहिले नव्हते. दुकानातला रेडिओ बातम्या संपल्या की ते स्वतः बंद करीत.

पाने उलटू लागलो. वर्तमानपत्रांतील कात्रणे होती, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांचे तुकडे होते, चित्रपटांच्या जाहिराती होत्या. त्यांवरून एका माणसाची पूर्ण कारकीर्द उभी राहत होती. कच्छमधील कुंदरोडी गावी १९२८ साली जन्म. वडील वीरजीभाई मुंबईत आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान टाकले. बालपण गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजारात गेले. पुढे ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ या नावाने वाद्यवृंद काढला आणि त्याचे संचालन केले. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात साऱ्या देशाला डोलवणारी जी बीन वाजली, ती गारुड्याची बीन नव्हतीच. कल्याणजीभाईंनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या लहानशा वाद्यावर ती वाजविली होती, आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. त्यानंतर ते स्वतंत्र संगीतकार झाले. धाकटे बंधू आनंदजी त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि १९५९ च्या सुमारास ‘कल्याणजी-आनंदजी’ हे जोडनाव पडद्यावर येऊ लागले. त्या जोडीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एकाचे नाव ‘सट्टा बाजार’ होते. त्या जाहिरातीखाली बापूजींनी बारीक अक्षरात लिहिले होते, “हा सट्टा मात्र फळला.” पुढे ‘छलिया’, ‘जब जब फूल खिले’, ‘उपकार’, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा ‘सरस्वतीचंद्र’, फिल्मफेअर पुरस्काराचा ‘कोरा कागज’, मग ‘डॉन’, आणि १९९२ साली पद्मश्री.

येथपर्यंत कोणत्याही चाहत्याने केला असता तसाच हा अल्बम होता. परंतु कात्रणांची पाने संपल्यावर बापूजींनी पानाच्या मध्यातून एक उभी रेघ ओढली होती. डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’. एका वाद्यवृंद-संचालकाच्या आयुष्याचे त्यांनी खातेच मांडले होते.

उजवीकडे, नावेच्या बाजूला, कल्याणजीभाईंनी जगाला काय दिले त्याच्या नोंदी होत्या. गाणी तेथे फारशी नव्हती. माणसे होती. लहान मुलांना गोळा करून त्यांनी ‘लिटल वंडर्स’ हा संच उभा केला, त्यातून पुढे आलेली सुनिधी चौहान. अलका याज्ञिक. आपल्या कोकणातील दाभोळची साधना सरगम. या नावापुढे ‘आपल्या बाजूची’ असे कौतुकाने लिहिलेले. देशात आणि परदेशात मदतनिधीसाठी केलेल्या कार्यक्रमांची एक ओळ.

डावी बाजू याहून लांब होती. हे सारे देण्यासाठी त्या माणसाला कोणाकडून काय मिळाले, ते तेथे लिहिले होते. “हेमंतकुमार – विश्वास.” “रवी – साथ.” “आनंदजी – जन्मभर.” “बाबला, धाकटा भाऊ – ताल.” “लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल – आरंभी साहाय्यक.” “गोव्याचे व्हायोलिनवाले – नावे शोधणे.” ही शेवटची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहिली असावी, कारण तिच्यापुढे निरनिराळ्या शाईंत तीन-चार प्रश्नचिन्हे होती.

ती प्रश्नचिन्हे पाहून मी या विषयाचे थोडे वाचन केले. त्या काळचे चित्रपटगीत म्हणजे पन्नास-साठ माणसांचे एकत्र काम असे. गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनचा सूर घसरला, तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. संगीतकार चाल बांधी. तिची पाश्चात्त्य स्वरलिपीत मांडणी करून प्रत्येक वादकापुढे कागद ठेवण्याचे काम बहुधा गोव्याहून आलेल्या मंडळींकडे असे, कारण तेथील चर्चच्या शाळांत मुलांना ही लिपी लहानपणीच शिकवीत. आणि समोर उभा राहून हातवारे करणारा संचालक या साऱ्यांना एका श्वासात बांधून ठेवी. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र गायक, गीतकार आणि संगीतकार एवढीच नावे येत. बाकीचे सारे वाजवून, मानधन घेऊन, निनावी घरी जात.

आमच्या पेणला हे समजणे अवघड नाही. येथील मूर्ती देशोदेशी जातात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ज्या हाताने केली, त्याचे नाव कोठे असते?

अल्बमच्या एका पानावर १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ची जाहिरात चिकटवलेली होती. त्या चित्रपटाचे संगीत कल्याणजींचे नव्हे, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. मग ते पान येथे का? खाली बापूजींचे टिपण होते. अँथनी गोन्साल्विस हे केवळ पडद्यावरील पात्राचे नाव नाही. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संचालक प्यारेलालजींचे गुरू होते. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, भारतीय रागांवर आधारलेल्या रचना त्यात सादर केल्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्याकडे गायले. पुढे ते चित्रपटसृष्टीपासून दूर झाले आणि लोक त्यांना विसरले. शिष्याने मात्र गुरूचे नाव असे गाण्यात घातले, की ते देशातील प्रत्येक पोराच्या तोंडी गेले. बापूजींनी लिहिले होते, “गुरूचे देणे याहून चांगले कोणी फेडले असेल असे वाटत नाही. पावती मिळाली.”

संचालकाच्या हातात काठी असते, आणि त्या काठीतून आवाज येत नाही. सभागृहातील शेवटच्या रांगेतल्या झांजवाल्याइतकाही आवाज तो स्वतः करीत नाही. आपल्या शास्त्रात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याची अनुमोदना करणे. तिन्हींचे फळ बांधले जाते. पुण्याचे तसे आणि पापाचेही तसेच. व्याख्यानात हे शेकडो वेळा ऐकले होते. वाद्यवृंदाचा संचालक हा करविणारा आणि अनुमोदना करणारा आहे, हे मात्र त्या चोपडीपुढे बसल्यावर कळले. त्याचे मोठेपण सारे दुसऱ्यांच्या हातांतून प्रकट होते. म्हणून त्याचा अल्बम करावयाचा, तर त्या हातांची नोंद टाळता येत नाही. पेढीचा मालक तरी याहून वेगळा कोठे असतो?

जमेच्या बाजूची सर्वांत पहिली नोंद मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती अशी होती: “गिरगावच्या दुकानातील गिऱ्हाईक. नाव मिळत नाही. उधारीच्या बदल्यात मुलांना संगीत शिकविले.”

ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. वीरजीभाईंच्या दुकानातील एका गिऱ्हाइकाची उधारी तुंबली होती. पैसे देणे जमेना, तेव्हा त्याने शेठजींच्या मुलांना संगीत शिकविण्याची तयारी दाखविली, आणि वीरजीभाईंनी ते मान्य केले. त्या गिऱ्हाइकाला स्वतःलाच संगीत फारसे येत नव्हते, असेही सांगणारे हसत हसत जोडतात. पण दार तर उघडले. एका किराणा दुकानदाराने बुडीत खात्यात जाणारी रक्कम सुरांत वळती करून घेतली, आणि त्यातून अडीचशेच्या आसपास चित्रपटांचे संगीत देशाला मिळाले.

आता चोपडीचे शेवटचे पान. तेथे कल्याणजींचे खाते संपले होते. नवीन रेघ ओढून बापूजींनी स्वतःचे नाव वर लिहिले होते. नावेची बाजू कोरी. जमेच्या बाजूला एकच नोंद: “मास्तर, रोहा. पेटी. फेड बाकी.”

आम्ही भावंडे चक्रावलो. कसली पेटी? पैशांची, की पत्र्याची? आईला विचारले, तिला काही ठाऊक नव्हते. शेवटी रोह्याला दिलेल्या आमच्या आत्याला दूरध्वनी केला. तिचे वय आता चौऱ्याऐंशी, पण स्मरण लख्ख. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “त्याने लिहून ठेवले होय? मला वाटले, तो विसरला.”

आत्याने सांगितलेली हकिगत अशी. साल १९५६ च्या आसपासचे, बापूजी बारा वर्षांचे. ‘नागिन’ची बीन अजून गल्लोगल्ली वाजत होती. पेणच्या एका शाळेत एक शिक्षक होते. गणपतीत मुलांचा मेळा बसवीत, स्वतः पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवीत. शिक्षकाचा पगार तो केवढा, आणि तोही वेळेवर नाही. आमच्या दुकानात त्यांची उधारी साचली. मास्तरांनी होऊन दादाजींना विचारले, “शेठजी, तुमच्या मुलाचा कान चांगला आहे. मी त्याला पेटी शिकवतो. हिशेबात थोडे धरून घ्या.” दादाजी काही बोलले नाहीत. मास्तरांना तो होकार वाटला. सात-आठ महिने बापूजी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात राहिले.

दिवाळीला वह्या बदलण्याची वेळ आली. मास्तरांच्या खात्यावर त्रेचाळीस रुपये आठ आणे तसेच उभे होते. दादाजींनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, दिवाणजींकडून मास्तरांना बाकी विचारली. मास्तरांनी शिकवणीचा शब्दही काढला नाही. आठ दिवसांनी सर्व पैसे आणून दिले. त्यानंतर त्यांची रोह्याला बदली झाली.

दादाजींना मी पाहिले आहे. मापात पाप त्यांनी कधी केले नाही. दुष्काळात धान्य दडविले नाही. घेणे ते घेणे आणि देणे ते देणे, हा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि त्यांच्या वहीत खरोखरच एका पैशाची चूक नव्हती. ती शिकवणी वहीत कोठे लिहावयाची, हे मात्र त्यांना सुचले नाही. आणि बारा वर्षांच्या मुलाने पुन्हा गाण्याचे नाव काढले नाही.

चव्वेचाळीस वर्षांनी कल्याणजीभाईंच्या निधनाची बातमी आली, तिच्याबरोबर वर्तमानपत्रांत गिरगावच्या दुकानाची ती गोष्ट आली. बापूजींनी ती कशी वाचली असेल, याची आता मला कल्पना येते. तेच दुकान, तीच उधारी, तोच मोबदला. एका दुकानात तो जमा झाला, दुसऱ्यात झाला नाही.

गेल्या वर्षी पर्युषणापूर्वी मी ती चोपडी घेऊन पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. कासू, नागोठणे, निडी मागे पडले. भाताची खाचरे पाण्याने भरली होती. आत्याच्या ओळखीने मास्तरांच्या मुलीचा पत्ता लागला होता. मास्तर कधीच निवर्तले होते. कुंडलिकेच्या बाजूला एका जुन्या घरात त्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मी नाव सांगताच म्हणाल्या, “पेणच्या शेठजींचे नातू ना तुम्ही? बसा.”

मी चोपडी उघडून शेवटचे पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, आणि ‘पेटी’ या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “बाबांनी ती विकली होती. तुमचे पैसे द्यायला. मी फार लहान होते, आई सांगायची.”

हे आम्हाला ठाऊक नव्हते. आत्यालाही नव्हते. बापूजींना होते. रोज संध्याकाळी त्या घरी जाणाऱ्या मुलाला कोपऱ्यातील रिकामी जागा दिसली असणारच.

मला शब्द सुचेनात. क्षमा मागावी, तर कोणाच्या वतीने? मी हात जोडून एवढेच म्हणालो, “ताई, आमच्याकडे संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणतात. माझ्या वडिलांचे ते तुमच्या वडिलांना म्हणावयाचे राहून गेले. ते सांगायला आलो आहे.” सोबत आणलेले पाकीट मी पुढे केले. त्यांनी ते हातानेच परत सारले. “बाबा कधी वाईट बोलले नाहीत हो. म्हणायचे, देणे होते ते दिले, त्यात शेठजींचे काय चुकले? एक मात्र म्हणायचे, त्या मुलाची लय पक्की होती, सोडायला नको होते त्याने.”

मग त्यांनी सांगितले, की रोह्यात मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत शाळेच्या मुलांची समूहगीते बसविली. पेटी शाळेची असे. ते पुढे उभे राहून हाताने ताल देत, आणि पन्नास मुलांपैकी कोणाचा आवाज मागे पडतो आहे हे ओळखून त्याला नावाने हाक मारीत. निघताना मी विचारले, “मी काय करू? हे खाते असेच ठेवू का?” त्या म्हणाल्या, “नुसते ‘मास्तर’ लिहिले आहे. पूर्ण नाव लिहा.” मी लेखणी त्यांच्याच हाती दिली. त्यांनी आपल्या वडिलांचे नाव स्वतःच्या अक्षरात, जमेच्या बाजूला, पूर्ण लिहिले. ते छापू नका, वहीत राहू द्या, असेही म्हणाल्या. म्हणून ते येथे दिलेले नाही.

बापूजींचा अल्बम आम्ही नंतर छापला. वंशवेल आहे, यात्रा आहेत, दानाची यादीही आहे. पण ती नावेची बाजू झाली. तिच्या आधी दोन पाने आम्ही जमेची घातली. दिवाणजींपासून गोण्या वाहणाऱ्या हमालांपर्यंत, उधारीवर माल देणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यापासून आजारपणात रात्री जागलेल्या शेजाऱ्यापर्यंत, ज्यांची ज्यांची नावे आठवली त्या सर्वांची. मोठ्या भावाचा प्रथम विरोध होता. अल्बम वडिलांचा, त्यात परक्यांची गर्दी कशाला, असे त्याचे म्हणणे. मी त्याला लाल चोपडी वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः आणखी सात नावे आणून दिली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे अल्बम तयार होत असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. त्यांनी काय दिले हे लिहिण्यापूर्वी त्यांना कोणाकडून काय मिळाले, ते एकदा विचारून घ्यावे. शक्यतो त्यांच्या हयातीतच विचारावे. बापूजींना मी कधी विचारले नाही.

आमच्या दुकानाचे हिशेब आता संगणकावर आहेत. तरी दिवाळीला मुहूर्तापुरती एक लाल चोपडी आम्ही पूजतो. यंदा तिच्यापुढे आम्ही एक जुनी पेटी आणून ठेवली. नातू तिच्यावर बोटे फिरवितो. त्याला शिकवायला येणाऱ्या शिक्षकांचे मानधन महिन्याच्या एक तारखेला, मागण्यापूर्वी, देण्याचा घरात नियम आहे. ते रोख द्यायचे, आणि त्यांचे नाव पूर्ण लिहायचे.